पेटीवरचा पत्ता

मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या सेंट पॉल शहरातील एका कार्यालयात एक तरुण स्त्री बसलेली आहे, अशी कल्पना करावी. तिला नाव देण्याचे कारण नाही. वय पंचविशीच्या आसपास. घरी अडीच वर्षांची मुलगी आहे. ती आज आजीजवळ. नोकरी एका रुग्णालयाच्या धुलाईघरात, पाळीपाळीची. पाचवा महिना सरत आला आहे. हे गर्भारपण तिने योजलेले नव्हते. ज्याच्यापासून दिवस राहिले त्याने ‘तू ठरवशील ते’ एवढेच म्हटले आणि तो दुसऱ्या गावी कामाला निघून गेला. त्या वाक्यात औदार्य किती आणि पळवाट किती, हे तिला अजून नीट उमगलेले नाही.

तिच्यासमोर टेबलावर आठ-दहा चोपड्या मांडून ठेवल्या आहेत. प्रत्येक चोपडी म्हणजे एका जोडप्याचे आत्मनिवेदन. मुखपृष्ठावर हसणारे दोन चेहरे, कधी सोबत एक कुत्रा. आत घराचे अंगण, नाताळची पंगत, आजी-आजोबा, आणि रिकाम्या पाळण्याची खोली. आरंभी एक पत्र असते आणि ते तिलाच उद्देशून लिहिलेले असते. लिहिणाऱ्यांना ती कोण आहे हे ठाऊक नसते. तरी ती वाचील, आणि वाचून आपल्याला निवडील, या आशेवर ते लिहिलेले असते. यांपैकी एखाद्या जोडप्याला तिने निवडले तर तिचे मूल त्यांच्या घरी वाढेल. मात्र ते कोठे वाढते आहे हे तिला माहीत राहील, छायाचित्रे येतील, वर्षाकाठी एक-दोन भेटी होतील, आणि मुलाला आपली जन्मदात्री कोण हे पहिल्यापासून माहीत असेल. या व्यवस्थेला तिकडे खुले दत्तक म्हणतात.

साहित्याच्या अभ्यासकाने या पत्रांकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहावे, इतके त्यांचे संकेत निश्चित झालेले आहेत. संबोधनात जिव्हाळा हवा, पण लगट नको. निपुत्रिकपणाचे दुःख सांगायचे, पण त्याचा भार वाचणारीवर टाकायचा नाही. घर मोठे आहे हे छायाचित्राने सांगायचे, शब्दांनी नाही. तिच्या निर्णयाचा आदर आहे असे म्हणायचे, आणि तो निर्णय आपल्या बाजूने व्हावा हे म्हणायचे नाही. याचकाने दात्याला लिहिलेले हे पत्र असते; पण व्यवहारात याचक सुस्थितीत असतो आणि दाती घरभाड्याच्या विवंचनेत. लेखक आणि वाचक यांच्यातील हे उलटे नाते दुसऱ्या कोणत्या पत्रप्रकारात क्वचितच आढळेल. ती चोपड्या चाळते तेव्हा तिला प्रत्येक पत्र आवडते, आणि म्हणूनच एकावरही विश्वास बसत नाही.

मूल जन्माला घालून दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या स्त्रीची जी कथा भारतीय वाचकाच्या मनात सर्वांत आधी जागी होते, ती कुंतीची. वनपर्वातील ते आख्यान पुन्हा वाचले, तर लोकस्मृतीत उरलेल्या कथेपेक्षा ते किती निराळे आहे हे ध्यानात येते. लोकस्मृतीत लाजेने गांगरलेली एक कुमारिका मूल पाण्यात सोडून देते. महाभारतातली पृथा मात्र दाईबरोबर विचारविनिमय करते. पेटी आतून मऊ करते, बाहेरून मेणाने लिंपते. नदीकाठी उभी राहून विलाप करते. त्या विलापात ती दोन गोष्टी बोलते. परदेशातही कवचावरून आपण याला ओळखू, ही पहिली. दुसरी त्याहून आश्चर्यकारक: जी स्त्री याला पुत्र म्हणून स्वीकारील, ज्या स्त्रीच्या छातीशी हा लागेल, तिला ती धन्य म्हणते. अजून जिला पाहिलेले नाही अशा त्या दुसऱ्या आईविषयी असूयेबरोबरच हा धन्योद्गारही तिच्या तोंडी यावा, ही व्यासांची दृष्टी.

पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, तेथून यमुनेत, यमुनेतून गंगेत आणि गंगेवरून सूतांच्या देशातील चंपानगरीला पोचते. अधिरथ आणि राधा ती उघडतात. यापुढचा तपशील सहसा कोणी सांगत नाही. आपला कवचधारी मुलगा सूताच्या घरी वाढतो आहे, हे पृथेला हेरांकडून कळलेले असते. म्हणजे पेटी हरवलेली नव्हती. पत्ता होता, पण तो एकीकडेच होता. आईला मुलाचा ठावठिकाणा माहीत, मुलाला आईचा नाही. कर्णाचे सारे आयुष्य या एकतर्फी माहितीच्या छायेत जाते. रंगभूमीवर त्याचे कुल विचारले जाते तेव्हा उत्तर जाणणारी एकमेव व्यक्ती प्रेक्षकांत बसलेली असते, आणि ती मूर्च्छित पडते.

मराठी साहित्याने या मुलाला दोन्ही आयांची नावे दिली आहेत, हा योगायोग लक्षणीय आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या नाटकाचे नाव ‘कौंतेय’; रणजित देसाई यांच्या कादंबरीचे नाव ‘राधेय’. एकाच माणसावरच्या दोन कलाकृती, एक जन्मदात्रीच्या नावाने, एक वाढविणारीच्या. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कुंतीला स्वतःचे निवेदनही मिळाले. तथापि मराठी वाचकाची सहानुभूती बहुधा मुलाकडे वळली. कुंती त्याच्या दुःखाचे कारण म्हणून उरली. खुद्द कर्णाचे म्हणणे मात्र इतके सरळ नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो, तेव्हा कर्ण राधेची बाजू मांडतो: आपल्यावरच्या मायेने तिला पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले, तिचा पिंड नाकारावा कसा? कुंती गंगातीरी येते तेव्हा तिलाही तो नाकारतो. सत्य कळले याचा त्याला राग नाही. ते इतक्या उशिरा, आणि मागणीच्या सोबतीने आले, याचा आहे. युद्ध संपल्यावर कुंतीने मृत कर्णाला उदक देण्यास पांडवांना सांगितले तेव्हा हे रहस्य फुटले, आणि युधिष्ठिराने समस्त स्त्रियांना शाप दिला की त्यांच्या पोटात कोणतेही गुपित राहणार नाही. ज्या स्त्रीने सर्वांत मोठे गुपित सर्वांत अधिक काळ सांभाळले, तिच्यावरील रागातून हा शाप निघावा, हा केवढा विपर्यास! आणि मुकाट्याने गुपित राखायला तिला भाग कोणी पाडले, हा प्रश्न धर्मराजालाही सुचला नाही.

सेंट पॉलमधल्या त्या स्त्रीने महाभारत वाचलेले असण्याची शक्यता कमी. पण पेटीला मेण कसे लावले गेले याची तिच्या राज्याची स्वतंत्र कथा आहे. १९१७ साली मिनेसोटा राज्याने बालकांविषयीच्या कायद्यांची संहिता केली. तिच्यात दत्तक देण्यापूर्वी घराची चौकशी बंधनकारक झाली, आणि दत्तकाची न्यायालयीन कागदपत्रे जनतेच्या नजरेआड ठेवण्याची तरतूद झाली. हेतू दयेचा होता. औरसपणाचा अभाव हा त्या काळी आयुष्यभराचा कलंक होता; कोणा उपद्व्यापी शेजाऱ्याने कचेरीत जाऊन तो उकरून काढू नये, एवढेच अभिप्रेत होते. पुढे अनेक राज्यांनी हा मार्ग धरला. परंतु शतकाच्या मध्यापर्यंत हा पडदा जनतेपुरता न राहता संबंधितांमध्येच ओढला गेला. दत्तक झाल्यावर मूळ जन्मनोंद मोहोरबंद व्हायची आणि नवी नोंद निघायची; तिच्यात दत्तक घेणारेच जणू जन्मदाते म्हणून नोंदलेले असायचे. संहितालेखकांनी शेजाऱ्यासाठी लावलेले कुलूप आता मुलासाठीही लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन-अडीच दशके हा या गुप्ततेचा परमोत्कर्ष. अविवाहित गरोदर मुलींना घरापासून दूरच्या प्रसूतिगृहांत ठेवले जाई. शेजारपाजाऱ्यांना ‘मावशीकडे गेली आहे’ असे सांगितले जाई. मूल झाले की सही घेतली जाई आणि ‘आता हे विसर, लग्न कर, पुन्हा मुले होतील’ असा उपदेश होई. त्या मुलींपैकी अनेकींनी उतारवयात जे सांगितले ते अ‍ॅन फेस्लर यांनी २००६ सालच्या आपल्या पुस्तकात संकलित केले. विसरणे ही गोष्ट सांगून होत नाही, हा त्या निवेदनांचा समान सूर. ऑस्ट्रेलियातही असेच घडले होते. तेथील पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी २१ मार्च २०१३ रोजी सक्तीच्या दत्तकप्रकरणांबद्दल राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली.

त्या बंद काळातही आयांनी पेटीत काही ना काही ठेवण्याचा प्रयत्न केला. १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या एका मुलाच्या आईने, दत्तक घेणारे पदवीधर नाहीत हे कळल्यावर, सही करण्यास नकार दिला. ‘याला महाविद्यालयात पाठवू’ असे वचन मिळाल्यावरच तिने ती केली. तो मुलगा म्हणजे स्टीव्ह जॉब्स. ही हकीकत त्यानेच २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सांगितली. वचन पाळले गेले. तो मात्र सहा महिन्यांतच महाविद्यालय सोडून गेला. आईच्या अटीचे भवितव्य आईच्या हाती नसते, हे यातून कळते. तरीही ती अट घालण्याचा हट्ट तिने सोडला नाही, हेही कळते.

सत्तरच्या दशकात हे मेण वितळू लागले. गर्भनिरोधनाची साधने सुलभ झाली, १९७३ च्या निकालाने गर्भपात देशभर वैध ठरला, आणि अविवाहित मातेने स्वतः मूल वाढविणे पूर्वीइतके अशक्य राहिले नाही. दत्तक देण्यासाठी येणाऱ्या स्त्रियांची संख्या घटली, आणि त्यामुळेच त्यांच्या शब्दाला वजन आले. प्रौढ झालेली दत्तक मुले आपल्या मूळ नोंदी मागू लागली. मुले दिलेल्या आया १९७६ मध्ये संघटित झाल्या. लॉस एंजेलिसमधील बॅरन, पॅनर आणि सोरोस्की यांनी १९७८ मध्ये ‘द अ‍ॅडॉप्शन ट्रँगल’ हे पुस्तक लिहून बंद नोंदींच्या परिणामांची चिकित्सा केली. या खुलेपणाला एकट्या करुणेचे श्रेय देणे भाबडेपणाचे ठरेल. देणाऱ्या थोड्या आणि घेणारे पुष्कळ अशी स्थिती आल्यावर देणारीला काहीतरी देऊ करणे भाग होते. छायाचित्रांच्या चोपड्या त्या गरजेतूनही जन्मल्या आहेत. ज्या मिनेसोटाने कुलूप लावण्यात पुढाकार घेतला, त्याच राज्यात १ जुलै २०२४ पासून अठरा वर्षे पूर्ण केलेल्या दत्तक व्यक्तीला आपला मूळ जन्मदाखला मागून घेता येतो. कुलूप आणि किल्ली यांच्यात १०७ वर्षांचे अंतर आहे.

आता पुन्हा त्या टेबलाकडे वळावे. तिच्यापुढे तीन वाटा होत्या. त्यांपैकी गर्भपाताची वाट तिच्या राज्यात मोकळी होती. २०२२ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निकाल फिरवल्यावर अनेक राज्यांत ती बंद झाली; मिनेसोटात झाली नाही. तिने त्या वाटेचा विचार केला आणि ती सोडली. तिची कारणे तिच्यापाशी आहेत. ही वाट मोकळी असताना सोडणे आणि ती बंद असल्यामुळे दुसरीकडे वळणे, यांत नैतिक अंतर मोठे आहे. गर्भपात नाकारला गेलेल्या अमेरिकन स्त्रियांच्या एका दीर्घ अभ्यासात असे दिसले, की ज्यांना शेवटी बाळंत व्हावे लागले त्यांपैकी शंभरात सुमारे नऊजणींनीच मूल दत्तक दिले; बाकीच्यांनी ते स्वतः वाढविले. ‘नको असेल तर दत्तक द्यावे’ हे वाक्य व्यासपीठावरून सोपे वाटते. नऊ महिने वागवलेल्या देहाला ते सोपे वाटत नाही.

उरल्या दोन वाटा: ठेवणे, किंवा देणे. तिची अडचण अशी की तिला मूल नको आहे असे नाही. मूल म्हणजे काय हे तिला घरच्या मुलीमुळे पुरेपूर माहीत आहे. रात्रपाळीला मुलीला कोणाकडे ठेवायचे, ताप आला तर रजा मिळेल का, हे हिशोब ती रोज करते. त्यात आणखी एक जीव बसत नाही. अविचारी मुली मूल देतात, ही समजूत तिच्याकडे पाहिले तर टिकत नाही. ती देण्याचा विचार करते आहे तो हिशोब येत असल्यामुळेच. आणि तिला सर्वांत जास्त सतावणारा प्रश्न या दुसऱ्या मुलाविषयीचा नाहीच. तो पहिल्या मुलीविषयीचा आहे. ‘बाळ कुठे गेले?’ असे तिने विचारले तर? आणि त्यामागून येणारे न विचारलेले वाक्य: ‘मलाही देशील?’

समुपदेशिका तिला कायद्याचे कलम समजावून सांगते. प्रसूतीनंतर ७२ तास होईपर्यंत संमतीपत्रावर सही घेता येत नाही. सही केल्यावर कामाचे दहा दिवस ती मागे घेता येते. त्यानंतर ती पक्की. मुलाच्या पित्यालाही जन्मानंतर ३० दिवसांपर्यंत राज्याच्या नोंदवहीत आपले नाव नोंदविता येते. भेटीगाठींचा करार लेखी करून न्यायालयाच्या आदेशात घेतला, तर मिनेसोटात तो अंमलात आणता येतो. मात्र पुढे कोणी तो मोडला, तरी दत्तकविधान रद्द होत नाही. ती हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला सांगते. करार दोन्हीकडून आहे, पण तुटल्याची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. त्यांनी वचन मोडले तर तिला न्यायालयाची पायरी चढावी लागेल, आणि मूल तर त्यांच्याच घरी असेल. इतर कित्येक राज्यांत हे संरक्षणही नाही किंवा अपुरे आहे. तेथे खुले दत्तक म्हणजे केवळ दिलेला शब्द.

ही या व्यवस्थेवरची सर्वांत गंभीर हरकत होय. खुलेपणाचे वचन हे संमती मिळविण्याचे साधन होऊ शकते. जी स्त्री बंद पेटीला कधीच तयार झाली नसती, ती पत्ता लिहिलेल्या पेटीला तयार होते; आणि पेटी गेल्यावर पत्ता खोडला जातो. हरकत खरी आहे. तिचे उत्तर पुन्हा कुलूप लावणे हे असू शकत नाही. पण उत्साही प्रचारकांनी ती दृष्टिआड करावी असेही नाही.

दुसरी हरकत मुलाच्या बाजूने घेतली जाते: दोन आया असल्या तर त्याचा गोंधळ उडेल. हॅरल्ड ग्रोटेव्हंट आणि रूथ मॅकरॉय यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून १९० दत्तक कुटुंबे आणि १६९ जन्मदात्र्या यांचा प्रदीर्घ अभ्यास केला. जन्मदात्री येऊन मूल परत मागेल किंवा मूल गोंधळून जाईल, ही भीती त्यात खरी ठरली नाही. एकच रीत सर्वांना मानवते असेही दिसले नाही. भेटी वाढतात, आटतात, पुन्हा सुरू होतात, आणि किती भेटी होतात यापेक्षा त्यांबद्दल त्या-त्या माणसाला समाधान आहे का हे अधिक महत्त्वाचे ठरते. हा निष्कर्ष नाट्यमय नाही. माणसांच्या बाकीच्या नात्यांविषयीही तो लिहिता येईल, आणि त्याची विश्वसनीयता तिथेच आहे.

भारतीय मनाला तर दोन आयांची कल्पना मुळीच परकी नसावी. कृष्ण देवकीनंदन आहे आणि यशोदानंदनही आहे. भाषेने यांपैकी एक नाव खोडले नाही, आणि भजन करणाऱ्या कोणाचा त्यात गोंधळ उडाल्याचे ऐकिवात नाही. व्यवहारातले दत्तकही आपल्याकडे उघडच असे. दत्तविधान चारचौघांसमक्ष, होम करून व्हायचे. देणारा बाप हाताने मुलगा द्यायचा. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शाहू झाला, तरी त्याचे जन्मदाते वडील आणि भाऊ कोण हे सर्वांना ठाऊक होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला सयाजीराव झाला, आणि त्याच्या मूळ घराची माहिती कोणी दडविली नाही.

मग गुप्तता कोठे होती? जेथे देणारा पुरुष होता, घराणे होते, गादी होती, तेथे दत्तक उजेडात झाले. जेथे देणारी एकटी स्त्री होती, तेथे अंधार होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे, असे त्यांनी कळविले. त्या काळी गुप्तता हेच त्या स्त्रियांचे कवच होते. ती नसती तर विहीर किंवा कालापाणी एवढेच पर्याय उरत. म्हणून गुप्ततेची सरसकट निंदा करणे म्हणजे इतिहासाशी कृतघ्नता. परंतु ज्या गृहात इतरांसाठी पडदा राखला, त्याच गृहात जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने स्वतः दत्तक घेतला, तो मात्र लपवून नाही. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना गेल्या, तेव्हा तो त्यांच्यासोबत त्याच कामात होता.

त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लीला बेणारेला अभिरूप न्यायालय जी शिक्षा फर्मावते ती आठवावी. तिने जगावे, पण तिच्या पोटातले जगू नये. त्या सभेत वकील आहे, साक्षीदार आहेत, न्यायाधीश आहे; गर्भाविषयी सगळे बोलतात. तुला काय हवे आहे, हे मात्र तिला कोणी विचारत नाही. खुल्या दत्तकाचे इतर गुणदोष काहीही असोत, त्या टेबलाशी हा प्रश्न विचारला जातो. कोणते घर, किती भेटी, नाव कोणी ठेवायचे, प्रसूतीच्या खोलीत कोण असावे, बाळाला प्रथम कोणी घ्यावे, यांची उत्तरे तिच्याकडून लिहून घेतली जातात. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली बाल कल्याण समितीपुढे मूल सुपूर्द करणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात, आणि ते मोलाचे आहेत. पण मूल कोणाच्या घरी जावे हे तिला विचारण्याची सोय त्यात नाही. मुलाला मोठेपणी आपले मूळ शोधता येते. आईला त्याच्याकडे जाण्याची वाट नाही.

तिच्या टेबलावरच्या चोपड्यांत एक पातळशी चोपडी आहे. छायाचित्रे फार नाहीत, घरही लहान. पत्रात त्या जोडप्याने लिहिले आहे, की भेटींच्या कल्पनेची आपल्याला भीती वाटते, आणि ती वाटते हे लपवून निवडले जाणे आपल्याला नको. या एका वाक्यापाशी ती थांबते. इतर पत्रांत तिला हवे ते सगळे आहे. या पत्रात तिला नको असलेले काहीतरी आहे, आणि म्हणून ते खरे वाटते. ज्यांनी भीती आधीच कबूल केली, ते पुढे फोन उचलण्याचा संभव अधिक, असा तिचा हिशोब आहे. हा हिशोब चुकूही शकेल.

समुपदेशिका विचारते, ‘यांना भेटायचे का?’ ती लगेच उत्तर देत नाही. भेटले म्हणजे ठरले असे तर नाही ना, हे ती आधी विचारून घेते. नाही, असे उत्तर मिळते. मग ती एक गोष्ट कागदावर लिहून मागते: भेटींच्या करारात आपल्या मुलीचेही नाव असावे. बाळ कुठे आहे हे तिला दाखविता आले पाहिजे; घर, दार, अंगण सारे. म्हणजे ‘कुठे गेले?’ या प्रश्नाला उत्तर असेल, आणि न विचारलेल्या प्रश्नालाही कदाचित.

ती चोपडी पिशवीत ठेवते आणि बसथांब्याकडे निघते. आजीकडून मुलीला घ्यायचे आहे, सहाला पाळी सुरू होते. तिने काहीही ठरविलेले नाही. ठरविण्यासाठी तिच्यापाशी अजून सतरा-अठरा आठवडे आहेत, त्यापुढे ७२ तास, आणि त्यापुढे कामाचे दहा दिवस. पुलाखालून नदी दक्षिणेकडे वाहते आहे. तिचे तिकडे लक्ष नाही. ती बसची वेळ पाहते आहे.